मार्शल आर्ट शिकायला माणसं येतात कशासाठी, आणि टिकतात कशासाठी?

कोलांटी
नमस्कार मंडळी. मी मोठ्यांच्या ज्युदोच्या वर्गाला संध्याकाळी मदत करते. शिकवणारे सर वेगळे आहेत. माझ्याकडे नवीन आलेल्यांना पडायला शिकवणं, बेल्टची गाठ बांधून देणं आणि पहिल्यांदा आपटल्यावर भांबावलेल्यांना उठवणं एवढंच असतं.

नवीन माणसाकडून आम्ही एक फॉर्म भरून घेतो. त्यात 'का शिकायचं आहे?' असा रकाना आहे. उत्तरं ठरलेली: स्वसंरक्षण, फिटनेस, आत्मविश्वास, शिस्त. वर्षानुवर्षं टिकलेल्या लोकांना मी तोच प्रश्न विचारते तेव्हा यातलं एकही उत्तर येत नाही. 'माहीत नाही गं, आलो नाही तर चुकल्यासारखं होतं' असं काहीतरी पुटपुटतात आणि विषय बदलतात.

दुसरी गोष्ट जास्त छळते. परीक्षेच्या भीतीने किंवा दुखापतीने लोक सोडत असतील असं मला वाटायचं. तसे थोडेच असतात. बरेच जण नवा बेल्ट मिळाला की जातात. फोटो काढतात, सगळ्यांचे आभार मानतात, आणि पुढच्या आठवड्यापासून गायब!

तर हे डोक्यात नक्की काय चालतं? तुमचे अनुभव सांगा. कुठलीही कला चालेल. 'व्यायाम चांगला होतो' एवढंच लिहिणाऱ्यांना दहा कोलांट्या.

भोपळेनाना
पहिला!
ताई, कारण एकच. लहानपणी पडद्यावर एक बारका माणूस दहा जणांना लोळवताना बघितलेला असतो. मग आरशासमोर उभं राहून 'हूऽऽ' करून झालेलं असतं. बाकीची कारणं फॉर्म समोर आल्यावर सुचतात.

नेमस्त
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

दीडशहाणा
नाना, हसण्यावारी नेऊ नका. त्या बारक्या माणसाच्या जागी आपण स्वतःला का बघतो? कारण आपल्याला कोणीतरी लोळवलेलं असतं. फॉर्मवर 'मला भीती वाटते' असं कोणी लिहीत नाही, 'आत्मविश्वास' लिहितात.

ज्युदो काढणाऱ्या जिगोरो कानोंचंच बघा. अंगाने किरकोळ, शाळेत दांडगी मुलं त्रास द्यायची, म्हणून जुजुत्सू ही जुनी जपानी झटापटीची कला शिकायला गेले. १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेली. कराटे जपानच्या मुख्य भूमीवर नेणारे फुनाकोशीसुद्धा लहानपणी आजारी असायचे. बलदंड माणसाला हे सगळं शोधून काढायची गरजच काय?

मी स्वतः शाळेत मार खाल्लाय. कोणाचा, कशाबद्दल ते जाऊ दे. कराटेला गेलो ते त्या मुलाला एकदा धरून हाणायचं म्हणून. दोन-तीन वर्षांनी तो रस्त्यात भेटला, तर 'काय रे, कसा आहेस' म्हणून गप्पा मारून घरी आलो. इतका वैताग आला स्वतःचा!

भोपळेनाना
म्हणजे फी वाया गेली म्हणा की. 😀

जास्वंद
चांगला धागा. मी किकबॉक्सिंग करते. मला पाठवलं घरच्यांनी, 'मुलीच्या जातीला आलं पाहिजे' या खात्यात. मीही फॉर्मवर इमानदारीत 'स्वसंरक्षण' लिहिलं होतं.

खरं सांगू? मला मारायला आवडतं. हे बोलायची चोरी असते, म्हणून इथे टोपणनावाने लिहितेय. सुरुवातीला माझी लाथ पॅडवर नुसती चापटीसारखी बसायची. सर म्हणायचे, टेकलेला पाय वळव, कंबर आत घाल. पायाने मारतेयस, अंगाने मार. एक दिवस टाच वळली, मागून कंबर आली, नडगी पॅडच्या मधोमध बसली आणि पॅड धरलेली मुलगी माझ्यापेक्षा चांगली दणकट असून एक पाऊल मागे गेली. तिनेच पॅड खाली करून 'आता आली!' म्हटलं. त्या आवाजासाठी मी अजून जाते. रस्त्यावरच्या गुंडासाठी नाही.

बाईने 'मी सुरक्षिततेसाठी शिकते' म्हटलं की सगळे मान डोलावतात. 'मला ताकद वापरायला मजा येते' म्हटलं की लगेच 'अगं, सगळं ठीक आहे ना?'

मोरपंखी
जास्वंद, अगदी अगदी! +१
माझ्या सासूबाईंना मी अजूनही 'योगासारखंच असतं' असं सांगून जाते.

नेमस्त
आता निवांत बसलोय. कोलांटीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आधी येतो, कारण त्यावर मानसशास्त्रात जुना प्रयोग आहे.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर तो केला. चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी वर्गात रंग मोकळे ठेवले आणि कोण किती वेळ आपणहून रंगवतं ते लपून बघितलं. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांजवळ थांबली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड काही कमी झाली नव्हती. म्हणजे बक्षिसाने बिघडत नाही, बक्षिसासाठी करायला लागलं की बिघडतं.

याच सुमारास एडवर्ड डेसी आणि पुढे रिचर्ड रायन यांनी यावर आख्खी मांडणी उभी केली. माणूस एखादी गोष्ट टिकवून धरतो तेव्हा तीन भुका भागत असतात: हे मी माझ्या मर्जीने करतोय, हे मला जमत चाललंय, आणि इथे माझी माणसं आहेत. फॉर्मवरचे 'फिटनेस', 'आत्मविश्वास' हे सगळे पुढे कधीतरी मिळायचे फायदे आहेत. अशा कारणाने माणूस दारापर्यंत येतो. पावसात, दमून आल्यावर, कोणी वाट बघत नसताना पुन्हा जायला ते पुरत नाही.

बेल्टचं त्यात असं होतं की 'मला जमतंय' ही भूक तो भागवतो, पण हळूहळू तोच कारण होऊन बसतो. मग मिळाला की कारण संपलं.

भोपळेनाना
नेमस्तराव, लपून बघणारे लोक मानसशास्त्रज्ञ, आणि आम्ही बघितलं की चहाटळ. असो. प्रतिसाद आवडला.

निळापट्टा
नेमस्तांशी अर्धा सहमत. मी ब्राझिलियन जुजुत्सू करतो. आमच्याकडे पांढऱ्यानंतर निळा, मग जांभळा, तपकिरी, काळा. काळ्यापर्यंत जायला साधारण दहा वर्षं धरून चाला. आणि ताई म्हणतात तो प्रकार आमच्या जगात इतका सर्रास आहे की त्यावर विनोद चालतात: निळा मिळाला की माणूस हरवल्याची जाहिरात द्यायची.

पण बेल्टला खलनायक करू नका. नसता तर मी पहिल्याच वर्षी पळालो असतो. सुरुवातीला तुम्ही सगळ्यांकडून हरता. सहा महिन्यांनी तुम्ही सुधारलेले असता, पण समोरचेही सहा महिन्यांनी सुधारलेले असतात. मग तोच माणूस तुम्हाला त्याच पद्धतीने त्याच कोपऱ्यात दाबून ठेवतो आणि वाटतं आपण आहोत तिथेच आहोत. धावणाऱ्याला घड्याळ सांगतं. आम्हाला कोण सांगणार? तर ही चिंधी. शिकवणाऱ्याने बघितलंय, नोंद घेतलीय, एवढं त्यातून कळतं.

अवांतर: रंगीत बेल्टांची परंपरा काही हजार वर्षांची नाही. कानोंनी १८८३ मध्ये दान, म्हणजे वरच्या दर्जाच्या, श्रेण्या सुरू केल्या. मधल्या रंगांचं श्रेय साधारणपणे कावाइशी या जपानी ज्युदो शिक्षकांना देतात. ते १९३५ च्या सुमारास पॅरिसमध्ये शिकवायला लागले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना काळ्या पट्ट्यापर्यंत इतकी वर्षं धीर धरवेना. म्हणजे रंग आलेच मुळी लोक सोडून जाऊ नयेत म्हणून!

कोलांटी
निळापट्टा, हे मस्तच. गळती थांबवायला आणलेल्या बेल्टनेच आमच्याकडे गळती होतेय म्हणायची.

गदाधर
आमच्या कुस्तीत बेल्टही नाही आणि फॉर्मही नाही. तरी पोरं सोडतातच. त्यामुळे सगळा दोष पट्ट्याच्या माथी मारू नका.

माझं निरीक्षण सांगतो. एकट्याने जोर-बैठका मारणारा लवकर कंटाळतो. ज्याला जोड मिळाली तो टिकतो. जोड म्हणजे वजनाला, ताकदीला जुळणारा, रोज धरायला मिळणारा माणूस. माझा जोडीदार आणि मी बाहेर फारसे बोलायचो नाही. त्याला भाऊ किती हेही मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. पण आज तो डाव्या खांद्याने कच खातोय हे हात धरताक्षणी कळायचं, आणि मग त्या बाजूने पट काढायचा नाही हेही न सांगता ठरायचं. तो आला नाही की माझी तालीम फुकट, मी गेलो नाही की त्याची. या एका लाजेपोटी किती पहाटे उठलोय त्याला गणती नाही.

नेमस्त
गदाधर, ही तिसरी भूक. कानोंनीही ज्युदोची दोन मुख्य तत्त्वं सांगितली, त्यातलं एक 'तुझं-माझं दोघांचं भलं' अशा अर्थाचंच आहे. समोरच्याने अंग तुमच्या हवाली केल्याशिवाय फेक शिकताच येत नाही.

शंकासुर
सगळे एका सुरात गायला लागलेत म्हणून थोडं विरजण घालतो. माझ्या भाच्याला कुठेतरी घालायचं घरात चाललंय, म्हणून शोधाशोध केली. नॉर्वेत एंड्रेसन आणि ओल्वेउस यांनी २००५ मध्ये मुलग्यांचा अभ्यास छापला. बॉक्सिंग, कुस्ती, वजनं उचलणं आणि पौर्वात्य मार्शल आर्ट्स करणाऱ्या मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा केला, तर त्यांच्यात मारामाऱ्या आणि इतर समाजविघातक वागणं वाढलेलं दिसलं. मुळात दांडगट होती म्हणून तिकडे गेली एवढंच नाही, जाऊन वाढलं असा त्यांचा निष्कर्ष. मग ही शिस्त, संयम वगैरे जाहिरातबाजी कशाला?

आणि जास्वंदताई, राग मानू नका, पण 'मारायला आवडतं' हे वाचून मला तोच अभ्यास आठवला.

जास्वंद
राग नाही. पण मला 'मारायला' आवडतं, 'दुखवायला' नाही. स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) एकीच्या नाकावर चुकून जोरात बसला होता तेव्हा माझेच हात लटपटायला लागले. दोन्हींत फरक आहे की नाही?

शंकासुर
तुमच्यात असेल. चौदा वर्षांच्या पोरात असेलच असं नाही.

नेमस्त
शंकासुर, तो अभ्यास दुर्लक्ष करण्यासारखा नाहीच. पण याच्या उलट दिशेचंही आहे. १९८६ मध्ये ट्रुल्सन यांनी अमेरिकेत गुन्हेगारीकडे झुकलेल्या किशोरवयीन मुलांचे गट केले. एका गटाला पारंपरिक तायक्वांदो: नमस्कार, ध्यान, ठरलेल्या हालचालींचा सराव, आदर, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्याला फक्त लढायचं तंत्र. तिसरा गट इतर खेळांचा. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता कमी झाली, दुसऱ्याची वाढली. लाथा त्याच होत्या!

शंकासुर
मुलं किती होती त्यात?

नेमस्त
मूठभरच. तुमचा रोख कळला. त्यावरून मी कोणाला हमी देणार नाही. पण 'मार्शल आर्टने काय होतं' हा प्रश्नच ढोबळ आहे. कोण शिकवतंय आणि त्या खोलीत कशाला मान मिळतो, ते बघावं लागतं. जिथे जोरात मारणाऱ्याला टाळ्या पडतात तिथे मुलगा जोरात मारायला शिकणार.

२००४ मध्ये लेक्स आणि हॉइट यांनी शाळेतल्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एक तायक्वांदोला आणि एक नेहमीच्या पी.टी.ला. तायक्वांदोवाल्यांची स्वतःवर ताबा ठेवायची क्षमता जास्त सुधारली. तिथेही शिकवण्याची पद्धत मुद्दाम ठरवलेली होती.

जास्वंद
स्वसंरक्षणाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. कॅनडात शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या मुलींवर चाचणी केली, २०१५ मध्ये छापून आली. एका गटाला माहितीपत्रकं, दुसऱ्याला धोका ओळखणं, ठामपणे नकार देणं आणि प्रत्यक्ष प्रतिकार यांचं प्रशिक्षण. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण पहिल्या गटात ९.८ टक्के, दुसऱ्यात ५.२ टक्के. हे प्रशिक्षण किती मोठं होतं? तीन-तीन तासांची चार सत्रं. बारा तास!

म्हणजे खरोखर फक्त सुरक्षितताच हवी असेल तर असा नीट आखलेला छोटा कार्यक्रम करावा आणि घरी जावं. वर्षानुवर्षं नडगी सुजवून घ्यायची गरज नाही. जी राहते तिचं कारण दुसरं असतं, हाच माझा मुद्दा.

दीडशहाणा
हे पटलं. भीतीने मला आत आणलं, पण ती तर पहिल्या वर्षातच ओसरली होती. नंतर मी कशाला जात होतो?

मोरपंखी
तुम्हीच सांगा आता. 🙂

दीडशहाणा
बहुतेक डोकं बंद करायला. ऑफिसात दिवसभर तीन गोष्टींचा विचार एकदम चालू असतो. कोणी तुमच्या चेहऱ्याकडे मूठ घेऊन येत असताना चौथ्या गोष्टीचा विचार करताच येत नाही. ध्यानाला बसलो की मन भटकतं. इथे भटकलं की लगेच पावती मिळते.

निळापट्टा
+१००. मिहाय चिकसेंटमिहाय हा मानसशास्त्रज्ञ ज्याला फ्लो, म्हणजे कामात पूर्ण गढून जाणं, म्हणतो तेच ना? आव्हान आणि आपली कुवत एकमेकांना भिडली पाहिजेत. फार सोपं असलं तर कंटाळा, फार अवघड असलं तर घबराट.

पण माझ्या बाबतीत त्याच्याही आधी काहीतरी घडलं. पहिल्यांदा कोणी मागून गळ्याला चोक लावला तेव्हा मी कॉलर ओढत, पाय झाडत, माशासारखा तडफडलो होतो आणि लगेच टॅप केलं, म्हणजे थाप मारून हार मानली. काही महिन्यांनी तोच चोक, तोच माणूस. त्याची मनगटाची कड जबड्याखाली सरकतेय हे कळलं. हनुवटी आत घेतली. त्याच्या बाहीचा खरखरीत काठ गालाला घासत होता. दोन हातांनी त्याचा एक हात खाली खेचला, खांदा जमिनीकडे नेला, आणि हे सगळं चालू असताना मी श्वास घेत होतो. शेवटी टॅप करावंच लागलं, सुटलो बिटलो नाही. पण घाबरलो नव्हतो. घरी जाताना एकटाच हसत होतो. हे मला कुठल्या बेल्टने दिलेलं नाही.

नेमस्त
याला मानसशास्त्रज्ञ बांडुरा स्वक्षमता म्हणतो, म्हणजे 'हे मला जमेल' हा विश्वास. 'मी भारी आहे' असं आरशात बघून म्हटल्याने ती येत नाही. अवघड गोष्ट स्वतः पार पाडल्याचा अनुभव हा तिचा सगळ्यात भक्कम स्रोत. ओझर आणि बांडुरा यांनी १९९० मध्ये स्वसंरक्षण शिकणाऱ्या स्त्रियांवरच हे तपासलं होतं. शिकल्यावर त्यांचं बाहेर वावरणं वाढलं, नको त्या विचारांचा ससेमिरा कमी झाला.

मुरलेला
मंडळी, वयाने बहुधा मी सगळ्यात मोठा. निवृत्तीनंतर ऐकिदो ही जपानी कला शिकायला सुरुवात केली. माझ्यावर कोणी हल्ला करणार नाही, आणि केलाच तर मी मोबाइल काढून देईन. तेव्हा ते कारण बाद.

मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, पडायला शिकलो. या वयात पडण्याची धास्ती प्रत्येकाला असते, बोलत कोणी नाही. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हाताने जमिनीवर थाप. आता बाथरूममध्ये पाय सरकला तर हाड वाचेलच असं नाही, पण जिना उतरताना कठडा घट्ट धरून चालत नाही.

दुसरी जरा विचित्र आहे. नोकरीत वरच्या जागेवर होतो. वर्षानुवर्षं मला कोणी 'चुकलं, पुन्हा करा' म्हणालं नव्हतं. इथे नातीच्या वयाची मुलगी माझं मनगट धरून म्हणते, काका, पाऊल चुकलं, पुन्हा. आणि मला बरं वाटतं. हे कुठल्या भुकेत बसतं, नेमस्त?

नेमस्त
काका, सगळ्यांत बसतं आणि कशातच नीट बसत नाही. मी मांडणी बाजूला ठेवतो.

भोपळेनाना
काकांच्या प्रतिसादाला साष्टांग नमस्कार. (तेवढंच पडणं मला जमतं.)

मोडका_गुडघा
इतका वेळ वाचतोय. टिकणं म्हणजे चांगलंच असं सगळे धरून चाललेत, म्हणून लिहितो.

मी टिकणाऱ्यांपैकी. स्पर्धेच्या तयारीत गुडघ्याचा लिगामेंट फाटला. डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या कितीतरी आधी पुन्हा मॅटवर गेलो. घरच्यांना फिरायला जातो सांगून जायचो. दुसऱ्यांदा फाटला. मधल्या काळात एक दिवस सराव चुकला तर चिडचिड, कोणाशी बोलणं नाही, जेवणावर लक्ष नाही. लोक म्हणायचे काय निष्ठा आहे! ती निष्ठा नव्हती. मी 'फायटर' आहे ही एवढीच ओळख माझ्याकडे होती, ती गेली तर उरतं काय अशी धाकधूक होती.

व्हॅलरँड नावाचे मानसशास्त्रज्ञ ध्यासाचे दोन प्रकार करतात, २००३ पासून त्यावर लिहिताहेत. एक ध्यास तुम्ही बाळगता, हवा तेव्हा बाजूला ठेवू शकता. दुसरा तुम्हाला बाळगतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, दोघंही रोज वेळेवर येतात. ताई, तुमच्या वर्गात जो कधीच खाडा करत नाही त्याच्यावरही लक्ष ठेवा.

गदाधर
खरं बोललात. आमच्यातले काही याच पायी कायमचे अधू झाले.

जास्वंद
लोइक वाकाँ नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९८८ मध्ये शिकागोच्या एका बॉक्सिंग जिममध्ये गेला. हेतू वस्तीचा अभ्यास करायचा. तीनेक वर्षं तिथे रमला आणि एका टप्प्यावर त्याने वहीत लिहिलं की संशोधन वगैरे सगळं सोडून इथेच बॉक्सिंग करत राहावंसं वाटतंय. कारण शोधायला गेलेला माणूसच गळाला लागला.

मोरपंखी
कोलांटीताई, धागा काढून गायब? की तुम्हालाही बेल्ट मिळाला?

कोलांटी
😀 आहे आहे. वाचतेय. मोडका_गुडघा, तुम्ही लिहिलंत त्यावरून एक चेहरा डोळ्यांसमोर आला. बोलते त्याच्याशी.

कुंपणावरचा
मी या धाग्यातला आरोपी. बेल्ट मिळाल्यावर सोडलेला. आजवर वाचनमात्र होतो, पण इथे बोलायलाच हवं.

एक तर प्रत्येक सोडणाऱ्याला गळतीत धरू नका. मी घाबरट होतो. रात्रीच्या बसने जायची वेळ आली की पोटात गोळा यायचा. काही वर्षं कराटे केलं, गोळा गेला. माझ्या फॉर्मवरचं कारण पूर्ण झालं होतं, आणि मला चित्रकलेला वेळ हवा होता. ताप उतरल्यावर औषध बंद केलं तर कोणी त्याला चिकाटी नाही म्हणत नाही.

पण खरं सांगायचं तर थोडं दुसरंही होतं. परीक्षेआधीचे दोन-तीन महिने आमच्याकडे काय व्हायचं आठवतंय. सीनियर थांबून काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) करून घ्यायचे. सर स्वतः येऊन माझी कोपरं आत ढकलायचे. सगळे नावाने हाक मारायचे, 'आज ठीक आहेस ना, परवा परीक्षा आहे' म्हणून चौकशी करायचे. बेल्ट मिळाला आणि पुढच्या आठवड्यात मी कोपऱ्यात. सरांचं लक्ष पुढच्या तुकडीकडे. मला नवीन पोरांसमोर पॅड धरून उभं केलं. 'तुला येतंय आता.' कोणी रागावलं नाही, कोणी काही चुकीचंही वागलं नाही. फक्त माझ्याकडे बघायचं सगळ्यांनी थांबवलं.

नेमस्त म्हणतात की बेल्ट मिळाल्यावर कारण संपतं. माझं म्हणणं, बेल्ट मिळाल्यावर लक्ष संपतं.

निळापट्टा
बाप रे. हे तंतोतंत आमच्याकडचं आहे. निळा होईपर्यंत सगळे सांभाळून घेतात. निळा झाला की नवखे जीव खाऊन तुमच्यावर तुटून पडतात, कारण निळ्याला हरवलं तर मोठेपणा. आणि वरचे सोडत नाहीत, कारण आता तुम्हाला 'येतं'.

नेमस्त
कुंपणावरचा, मान्य. माझं उत्तर एकट्या माणसाच्या डोक्यात शोधत होतं. तुम्ही ते खोलीत शोधलंत. लेपरच्या प्रयोगात मुलांकडे कोण बघत होतं हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता.

कोलांटी
मी काल सरांच्या जुन्या वह्या चाळल्या. परीक्षेनंतरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काय शिकवतो? पडणं. दरवेळी. कारण नवीन तुकडी त्याच आठवड्यात भरती करतो! म्हणजे ज्यांनी जीव तोडून परीक्षा दिली त्यांना बक्षीस म्हणून पुन्हा कोलांट्या, आणि मी पूर्ण वेळ नवीनांच्या घोळक्यात.

सरांना विचारलंय की नव्या तुकडीची भरती दोन-तीन आठवडे पुढे ढकलू या, आणि त्या दिवसांत नव्या बेल्टवाल्यांना फक्त रान्दोरी (जोडीदाराशी मोकळी झटापट) आणि प्रत्येकाला एकेक नवी फेक. सर 'बघू' म्हणालेत. 'बघू' म्हणजे निम्मं काम झालं.

कुंपणावरचा, तुमचं नाव गळतीच्या यादीतून काढलं आहे. चित्रं कधी दाखवताय?

कुंपणावरचा
चित्रांचा धागा वेगळा काढतो.

शंकासुर
सगळं छान झालं, पण माझ्या भाच्याचं काय? ज्युदो की कराटे?

गदाधर
कला नंतर ठरवा. आधी दोन-तीन ठिकाणी भिंतीशी बसून बघा. मोठी पोरं बारक्याला धरताना जोर कमी करतात का? हरलेला पोरगा पुन्हा लगेच जोड मागतो का, की तोंड लपवून बसतो? आणि भाच्याला विचारा की त्याला जायचंय का. अख्ख्या धाग्यात ते अजून कोणी विचारलेलं नाही.

शंकासुर
विचारलं आत्ता. म्हणतो तबला शिकायचाय.

भोपळेनाना
🤣🤣 शिकू द्या हो!
कोलांटीताई, कंबर धरलेल्या, पोट सुटलेल्या, आरशासमोर अजूनही अधूनमधून 'हूऽऽ' करणाऱ्या माणसाला घेता का? फॉर्मवर काय लिहायचं ते ठरलंय.

कोलांटी
घेतो नाना. कंबरेचं डॉक्टरांना आधी विचारा. नखं कापून, अंगठी-साखळी घरी ठेवून या, आणि पोटभर जेवून येऊ नका.